माहेरच्या गोळ्या

माझे पाय वयामुळे गेले नव्हते. हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण त्या हिवाळ्यात हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं आणि इतक्या जणांनी ते ऐकून समजूतदारपणे मान डोलावली, की आता कुणी तशी मान डोलावली तरी माझं डोकं फिरतं. चौसष्ट वर्षांची होते मी. तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, मुकुंदवाडीतल्या आमच्या घराचा जिना दिवसातून दहा वेळा चढणारी-उतरणारी बाई. असल्या बाईचे पाय एका थंडीत म्हातारे होतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं.

सुरुवात मात्र अंगठ्यापासून झाली, आणि तीही थंडीच्या कितीतरी आधी, ऐन वैशाखात. वैजापूरला माझ्या माहेरी भाच्याचा साखरपुडा होता. त्या दिवशी सकाळी उठले तर उजव्या पायाचा अंगठा टोमॅटोसारखा लालबुंद आणि सुजलेला. चादरीचं टोक लागलं तरी जीव कळवळायचा. घरात पाहुण्यांची ही गर्दी, आणि माझा धाकटा भाऊ मला मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात घेऊन गेला. आमचे तिथले डॉक्टर म्हणजे निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर ज्यांनी गावात दवाखाना टाकला, त्यांचे चिरंजीव. तेही आता सत्तरीला आलेत. त्यांनी अंगठा नुसता पाहिला आणि गाऊट म्हणून सांगितलं, रक्तातलं युरिक ॲसिड वाढून सांध्यात खडे धरतात तो आजार.

गाऊट म्हणजे मटण-दारूवाल्यांचं दुखणं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. आम्ही माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. झालं, साखरपुडा राहिला बाजूला आणि मीच सगळ्यांच्या थट्टेचा विषय झाले. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, तोंडाने अत्यंत चालू. प्रत्येक पाहुण्याला सांगत सुटले की बाई शाळेच्या डब्यात काय न्यायच्या ते मी तीस वर्षांत कधी उघडून पाहिलं नाही. डॉक्टरांनी खरं कारण सांगितलं होतं: बीपीसाठी मी कित्येक वर्षं जी लघवी होण्याची गोळी घेते तिनेही युरिक ॲसिड वाढतं, आणि त्याच बीपीने किडनीही जरा थकते. पण ते ऐकण्यात कुणालाच रस नव्हता.

डॉक्टरांनी कोल्चिसिनच्या गोळ्या दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. सूज उतरेपर्यंत, फार तर दहा दिवस, आणि मग शहरात जाऊन युरिक ॲसिडसाठी कुणाला तरी दाखवा, असं त्यांनी मला आणि भावाला समोर बसवून सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी चप्पल घालून अंगणात फिरत होते. भावाने ते पाहिलं, आणि दहा दिवसांची गोष्ट त्याच्या डोक्यातून तिथल्या तिथे पुसली गेली. गुण आला एवढंच राहिलं.

भाऊ दर पंधरा दिवसांनी मला पिशवी पाठवतो. बाजरी, कांदे, कधी शेवग्याच्या शेंगा. ओळखीचा कुणी शहरात यायचा असला की त्याच्या हातात, नाहीतर एसटीच्या ड्रायव्हरकडे. त्या वैशाखापासून पिशवीत कांद्यांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली गोळ्यांची पाकिटंही यायला लागली. जुनी चिठ्ठी दाखवली की तिथला मेडिकलवाला त्याला देत होता. मी फोनवर म्हटलं, आता दुखत नाही. तर म्हणाला, "दुखत नाय म्हणूनच चालू ठिव अक्का. बंद केलं की परत यायचं."

आता माझ्यातली गणिताची बाई कुठे गेली होती, असं कुणीही विचारील. ती जागेवरच होती. पण माहेरून आलेली वस्तू परत पाठवायची नसते आणि तिचा गाजावाजाही करायचा नसतो, हे मला पाढ्यांच्याही आधी शिकवलेलं आहे. माहेरचे कांदे संपले तरी मी बाजारात कांदे घेताना शेजारणीला सांगत नाही. त्या गोळ्यांचंही तसंच झालं. घरातली बाकीची औषधं फ्रिजवरच्या डब्यात, सगळ्यांना दिसतील अशी. भावाच्या गोळ्या मात्र स्वयंपाकघरात, मसाल्याच्या फळीवर. माझ्या लेखी त्या औषधात मोडतच नव्हत्या. ती भावाची माया होती, आणि मी ती सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर गिळत होते.

गणपतीच्या सुमारास छातीत जडपणा वाटला म्हणून मुलाने शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्यांत एका रक्तवाहिनीत थोडा अडथळा निघाला. डॉक्टर तरुण, हुशार, आणि साठीच्या वरच्या प्रत्येक बाईला मावशी म्हणणारे. त्यांनी कोलेस्टेरॉल कमी करण्याची स्टॅटिन जातीची गोळी रोज जेवणानंतर सुरू केली. लिहिता लिहिता विचारलं, "मावशी, बीपीशिवाय दुसरं काही औषध चालू आहे का?"

मी नाही म्हटलं. खोटं बोलतेय असं मला जराही वाटलं नाही. एक तर माहेरच्या गोळ्या औषधात मोजायची नाहीत हे ठरलेलं. दुसरं असं, की एका डॉक्टरपुढे दुसऱ्याच्या औषधाचं नाव काढायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. एकीच्या पंगतीत बसून दुसरीच्या हातच्या पुरणपोळीचं कौतुक करावं, तसला तो आगाऊपणा. शिवाय हे हृदयाचे डॉक्टर, यांना माझ्या अंगठ्याशी काय करायचंय? असं मला खरोखरच वाटलं, आणि त्याची लाज मी आज बाळगून आहे.

दिवाळीच्या आत पोट बिघडायला लागलं. मी तुरीच्या डाळीवर संशय घेतला. मग एक दिवस दोरीवर साडी वाळत घालताना हात वर राहीनात. अंबाडा घालायला दोनदा बसून दम घ्यावा लागला. फरशीवर भाजी निवडायला बसले की उठताना ओट्याची कड धरायची, मग कड धरूनही उठता येईना, मग सुनेला हाक. जिन्यावर प्रत्येक पायरीला मांडीला हाताने उचलून वर ठेवल्यासारखं करावं लागे. दुखत काही नव्हतं. तेच मी सगळ्यांना सांगत होते, की गुडघे दुखत नाहीत, मांड्यांत जोरच उरलेला नाही. पण लोकांना बाईचे गुडघे फार आवडतात. साठीनंतर तिला काहीही झालं तरी ते गुडघ्यांनाच झालेलं असतं.

संक्रांतीला मी एकटीच पॅसेंजरने माहेरी निघाले. मी नेहमीच एकटी जाते. मुकुंदवाडीचं स्टेशन छोटं, फलाट बुटका, डब्याची पायरी उंच. गाडी लागली, मी दांडा धरला, आणि पाय उचलेना. माझाच पाय, मी सांगतेय आणि तो ऐकत नाही. मागच्या बायकांनी दोन्ही काखेत हात घालून चढवायचा प्रयत्न केला. आतून एकजण म्हणाली, "म्हातारीला कशाला एकलं पाठवत्यात घरचे." मी हात सोडवून घेतले आणि फलाटावर उभी राहिले. गाडी गेली. बाकावर बसून मी रागाने रडले. दुःखाने नाही, हे मला पक्कं आठवतं.

मग घरात ठरवाठरवी सुरू झाली. मुलगा चाकांचा वॉकर घेऊन आला. माझी खोली वरची. ती रिकामी करून माझा पलंग खालच्या बैठकीच्या खोलीत आणायचं ठरलं. बाथरूममध्ये दांडे बसवायला माणूस येऊन मापं घेऊन गेला, आणि एक आंघोळ घालायला येणारी बाईही बघून ठेवली. हे सगळं मायेनेच चाललं होतं, त्यामुळे भांडायलाही नीट जागा नव्हती. आमचे हे एकदा माझा हात हातात घेऊन म्हणाले, "वय झालं गं आपलं." आपलं म्हणायला त्यांचं काय जात होतं? ते रोज सकाळी पाच किलोमीटर चालत होते.

मी म्हटलं, वय येतं ते सगळ्या अंगावर येतं, हप्त्याहप्त्याने येतं. ते काही गणपतीत निघून दिवाळीत पोचत नाही. खोली सोडणार नाही. वॉकर जिन्याखाली ठेवा, केरसुणीशेजारी. मुलगा चिडला. सून मात्र त्या दिवसापासून माझी पाण्याची बाटली वर आणून द्यायला लागली.

हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासणीला गेल्यावर ऐकून घेतलं, कागदावर इंग्रजीत वयोमानानुसार अशक्तपणा असं लिहिलं आणि रोज थोडं चाला मावशी, म्हणाले. चालता येत नाही म्हणून आलेल्या बाईला.

मग मी चौकटीची वही काढली. एका बाजूला आठवडे, दुसऱ्या बाजूला कोणत्या आठवड्यापासून काय जमेनासं झालं ते. साडी, अंबाडा, फरशी, जिना, पॅसेंजर. मग कोणतं औषध कधी सुरू झालं ते. बीपीची गोळी बारा वर्षं जुनी. अंग ढासळण्याआधीची नवीन एकच, कोलेस्टेरॉलची. ती सुरू झाली आणि दोन महिन्यांत अंग ढासळायला लागलं. मला आकडे फसवत नाहीत. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी ती वही घेऊन मुलाच्या स्कूटरवर बसून हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले, आणि ती उघडून त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांना मानलं पाहिजे. त्यांनी वही बाजूला सारली नाही. बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली, मग पहिल्यांदाच खुर्चीतून उठले आणि मला हाताचा आधार न घेता स्टुलावरून उठायला सांगितलं. मला उठता आलं नाही. त्यांचा चेहरा बदलला. स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी आणि किडनीची तपासणी तिथेच करून घेतली, आम्हाला दुपारपर्यंत थांबवलं. रिपोर्ट आला तो वाईट होता. स्नायूंचा आकडा जितका असायला हवा त्याच्या कितीतरी पट, आणि किडनीही आधीपेक्षा मंद. स्टॅटिनने असं कधीकधी होतं, ते म्हणाले, पण एवढ्याशा डोसने एवढं होत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, दुसरं काही घेता? आणि मी पुन्हा नाही म्हटलं. तीस वर्षं मी मुलींना बजावत आले की दिलेल्या माहितीतली एकही गोष्ट गाळू नका. आणि भावाची गोळी मी वहीत लिहिलीसुद्धा नव्हती, कारण वैशाखापासून चालू होती आणि तेव्हा काही झालं नव्हतं.

डॉक्टरांनी स्टॅटिन थांबवायला सांगितलं. आम्ही बाहेर आलो. मुलगा औषधाच्या खिडकीपाशी गेला आणि मी भिंतीला टेकून उभी होते, तेव्हा भावाचा फोन आला. माणूस उद्या येणार आहे, शेंगा पाठवतो, आणि गोळ्या संपल्या असतील ना अक्का, दोन पाकिटं टाकतो. नेहमीचंच बोलणं. मी बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि वहीत एक ओळ राहून गेलीय हे मला एकदम दिसलं.

आत जायचा माझा नंबर नव्हता. दारावरच्या माणसाने हात आडवा केला, तो मी बाजूला केला. आत दुसरा पेशंट बसला होता. त्याच्यासमोरच मी सांगितलं, "डॉक्टर, एक गोळी राहिली. गाऊटची. माझा भाऊ पाठवतो."

त्यांनी नाव विचारलं. मी कोल्चिसिन म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"किती दिवस?"

"नऊ महिने. सकाळ-संध्याकाळ."

मग त्यांनी मला बसवलं आणि सांगितलं, दरडावल्यासारखंच सांगितलं, की या गोळीने स्नायू दुबळे होऊ शकतात आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीनेही होऊ शकतात. दोन्ही एकत्र आल्या की धोका वाढतो. त्यात किडनी मंद असली की कोल्चिसिन शरीरातून वेळेवर बाहेर पडत नाही, साचत जातं. थोड्या दिवसांसाठी, डोस बेतून, नजर ठेवून दोन्ही देतातही. पण देणाऱ्याला ते माहीत असावं लागतं. "मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं मावशी," ते म्हणाले.

ती चूक माझी होती आणि मी ती तिथल्या तिथे कबूल केली. मग म्हटलं, "माझी चूक मी घेतली. आता तुमची तुम्ही घ्या. गेल्या खेपेला तुम्ही माझ्या पायाला हात न लावता कागदावर वय लिहिलंत. ते खोडा." दुसरा पेशंट खाली बघायला लागला. डॉक्टरांनी फाईल उघडली, मागचं पान काढलं आणि त्या ओळीवर रेघ मारली. सही पण केली. त्यानंतर त्यांनी मला कधी मावशी म्हटलं नाही, बाई म्हणतात.

दोन्ही गोळ्या बंद झाल्या. रक्त आधी दर आठवड्याला, मग दर महिन्याला तपासलं. घाई कुठलीच नव्हती. स्नायू रुसलेल्या सुनेसारखे, आपल्या वेळेने परतले. अक्षय्य तृतीयेला अंबाडा एका दमात घातला. आषाढात फरशीवरून एकटी उठले, सून दारात उभी राहून बघत होती आणि मी तिला मदतीला येऊ दिलं नाही. पुढे डॉक्टरांनी दुसऱ्या प्रकारची स्टॅटिन अगदी लहान डोसने सुरू केली, कारण हृदयाचा अडथळा काही माझ्या रागाने वितळणार नव्हता. युरिक ॲसिड उतरवायला वेगळी गोळी दिली, तीही हळूहळू वाढवत. कोल्चिसिन माझ्या कागदावर आहे, पण अंगठा पुन्हा पेटलाच तर, विचारून, मोजक्या दिवसांसाठी. कागद एकच आहे. माझ्या तोंडात जे जे जातं ते सगळं त्यावर आहे, हळदीच्या दुधापासून. दात काढायला गेले तरी तो आधी टेबलावर ठेवते. आमचे हे त्याला हजेरीपट म्हणतात. म्हणोत.

भावाला फोनवर सांगणं मला जमलं नाही. मी वैजापूरला जाण्याइतकी बरी झाले नव्हते तेव्हाच सुनेने त्याला सांगून टाकलं, आणि तो दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने आला. आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या हाताने. चहा घेतला नाही. बैठकीत बसला. मग म्हणाला, "म्या तुला इख पाठवत व्हतो व्हय, अक्का?"

मी म्हटलं, विष नव्हतं ते, गोळीत काही खोट नव्हती. ती दहा दिवसांची होती आणि आपण दोघांनी ती नऊ महिन्यांची केली. घेणारी मी होते, शिकलेली मी होते. त्याने मान हलवली, पण त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. मग तो खालमानेने बोलला, "आईबी शेवटची तीन वर्सं अशीच बसून राह्यली की. हात बी वर जाईनात तिचे. तिच्या पिशवीत किती जागच्या गोळ्या व्हत्या, कोणी काढून बघितलं?"

कुणी बघितलं नव्हतं. वैजापूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या, नाशिकला मावशीने दाखवलं तिथल्या, पाय सुजतात म्हणून कुणीतरी आणून दिलेल्या. आई सगळ्या घ्यायची, कारण आणून देणारा प्रत्येकजण आपला होता. तिला काय झालं होतं ते आता कळणार नाही. कदाचित ते वयच असेल. ती तेव्हा सदुसष्टची होती, म्हणजे त्या हिवाळ्यातल्या माझ्याहून फक्त तीन वर्षांनी मोठी.

एका दिवाळीला मी तिच्या खाटेजवळ बसले होते. ती उठायला धडपडत होती आणि मला म्हणत होती, "मला काय झालंय ते बघा की गं कोणीतरी." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, आई, वय झालं आता तुझं, किती धडपडशील. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला ती समजूत पटली असं मला वाटलं. पुढच्या दिवाळीला मी तिच्यासाठी शहरातून संडासाची खुर्ची घेऊन गेले, आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं.